पवनच्या बाटलीतलं पाणी

८ जानेवारी

आभार! पोस्टरच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत — "प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार." ती सहकारी म्हणजे मी! दीड वर्ष खपले. शिफ बेस नावाचा रेणू मी बनवला, त्याच्या कवेत लोखंड मी बसवलं, नमुने घेऊन त्यांचा इन्फ्रारेड आलेख, म्हणजे आयआर, काढायला नागपूरला मी गेले. आणि गडचिरोलीच्या परिषदेत नाव पवनचं! कालपरवा लॅबमध्ये आलेला पोरगा. वर बक्षीस घेऊन आला.

सरांना विचारलं. "नीलिमा, लॅब सगळ्यांची असते. तुझं पुढच्या पेपरमध्ये पाहू."

पाहू? आता मीच पाहते.

९ जानेवारी

बाबा जेवताना म्हणाले, "तुह्या त्या प्रयोगात सूरजागडच्या खाणीचंच लोखंड लागते काय? मंग बक्षीस भेटलं का नाई?" आई म्हणे, "काऊन जेवत नाई वं?" भात तसाच टाकून उठले.

१३ जानेवारी

सुचलं! शिफ बेसला पाण्याचं वावडं. पाणी गेलं की तो फुटतो, सगळी मेहनत मातीत. म्हणून तर आम्ही कोरडं अल्कोहोल वापरतो. पवनची अल्कोहोलची बाटली वेगळी असते, त्याच्या कपाटात. कपाटाला कुलूप नाही.

१५ जानेवारी

पवन डबा खायला गेला तेव्हा त्याच्या बाटलीत मोजून पाणी ओतलं. परत आल्यावर त्याला संक्रांतीचा तिळगूळ दिला, गोड बोलले — आणि मनातून पार निवले.

१६ जानेवारी

त्यानं अभिक्रिया लावली. मी शेजारी भांडी धूत होते. गुणगुणत!

१७ जानेवारी

बिघडलं! रंग काळपट जांभळा यायला हवा, हा आला विटकरी. "सर, मायं बिघडलं जी." सरांनी सगळ्यांसमोर झापलं — "बक्षीस मिळालं की हात ढिले पडतात का?" पवन मान खाली घालून उभा. किती दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं!

ते विटकरी पाणी फेकायला मात्र तो तयार नाही. गाळून चंबू खिडकीत ठेवलाय. ठेव बापा, पूजा कर त्याची.

३ फेब्रुवारी

माझंच नशीब फुटकं! चंबूत लाल सुयांसारखे स्फटिक आलेत. नागपूरहून त्यांचा आयआर आला. शिफ बेस शाबूत. आणि आलेखात आठशे तीसजवळ नवी, ठसठशीत पट्टी. सर खुर्चीतून उठलेच — "दोन लोखंडांच्या मध्ये ऑक्सिजनचा पूल! पवन, यावर मोठा पेपर होईल!"

माझ्या पाण्यानं काही मोडलं नाही. उलट लोखंडाची जोडी लावून दिली. मी वाटोळं करायला गेले आणि त्याचं सोनं झालं. रडावं की डोकं आपटावं!

१२ फेब्रुवारी

हा! ते स्फटिक पुन्हा येत नाहीत! ती बाटली संपली. नव्या बाटलीनं तोच जुना जांभळा. सर म्हणतात, कुठून तरी ओलावा शिरला असणार. मग पवननं अंदाजानं पाणी घालून पाहिलं — कधी काहीच नाही, कधी नुसता गाळ. पुन्हा आल्याशिवाय पेपर जाणार नाही.

किती घालायचं ते एकीलाच ठाऊक आहे. आणि ती मेली तरी तोंड उघडणार नाही. कर किती करतोस ते!

१५ फेब्रुवारी

आजही गाळ. पवनचे डोळे खोल गेलेत. जाऊ देत.

१९ फेब्रुवारी

लॅबमध्ये दोघंच होतो. पवन आला, बर्नर बंद केला.

"ताई, पोस्टरचं मायं चुकलंच. पेपरवर तुमचं नाव पहिलं टाका म्हणून सरले आजच सांगून आलो. आता एवढं सांगा — त्या दिवशी किती पाणी टाकलं होतं? तुमाले टाकताना खिडकीतून पाह्यलो होतो मी. तरी तेच वापरलो. मनलं, ताईचं मन तरी शांत होऊ दे."

"दहा मिली," मी म्हटलं. घरी येऊन खूप रडले. मेल्यानं माझा सूडही माझा राहू दिला नाही!