साडेएकोणीस तासांची खुर्ची

शिरगाव, बदलापूर पूर्व
२ ऑगस्ट २०२५

चि. श्रद्धा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलायची सोय नाही. स्पीकर लावल्याशिवाय आई फोन घेऊ देत नाही, म्हणून लिहितोय. तू आईचं चौदा सप्टेंबरचं तिकीट काढलंस आणि तिने तुझ्या बाळंतपणाचा ध्यास घेतला. मुंबई ते ऑकलंड बारा हजार किलोमीटरच्या वर आहे म्हटलं, तर किलोमीटर राहू दे, बसायचं किती ते सांग म्हणाली. सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथे चार तास थांबायचं, पुढे दहा.

तेव्हापासून घरात विमान सुरू आहे. कपाट आणि भिंतीच्या फटीत प्लास्टिकची खुर्ची कोंबून, कमरेला ओढणी बांधून ती बसते. मी हवाईसुंदरी. चहा ट्रेमधूनच लागतो. रविवारी सिंगापूर गाठलं. काल पुढच्या टप्प्यात सहाव्या तासाला पाय टम्म सुजले. गेल्या वर्षी पायात गुठळी झाली होती, म्हणून एवढा प्रवास अजिबात नको, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय.

तिला हे सांगायची माझी छाती नाही. अंबरनाथच्या कारखान्यात पाळ्या करून आधीच दमलोय गं. तूच सांग, सासूबाई येणार आहेत म्हणून. तू लांब आहेस, वाईटपणा तू घे.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा,
कैलास

ऑकलंड
१७ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

घेतला वाईटपणा. आईने एवढंच विचारलं, की त्यांना डिंकाचे लाडू जमतात का. नंतर मी खूप रडले. सासूबाई येत नाहीयेत, अनीशला जेमतेम दहा दिवस रजा मिळेल. आठवा महिना लागलाय, माझेही पाय सुजतात आणि मला आई हवी आहे. तुझ्याकडे ती रोज असते, याचा कधीकधी रागच येतो. तिकीट रद्द करतेय.

रागावलेय, तरी माया कमी करू नकोस.
श्रद्धा

शिरगाव
१६ सप्टेंबर

चि. श्रद्धा हिस अ. आ. वि. वि.

आपण दोघं मूर्ख ठरलो. लाडवांचं प्रमाण सांगायला आईने तुझ्या सासूबाईंनाच फोन लावला होता. त्या बिचाऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता. डॉक्टरांचा कागदही तिने औषधाच्या दुकानात वाचून घेतला होता. महिनाभर आपल्याला कळू मात्र दिलं नाही.

परवा चौदा तारखेला संध्याकाळी नवी साडी नेसली, लाडवांचा डबा मांडीवर घेतला आणि आठ वाजता खुर्चीत बसली. मी ओरडलो. ती म्हणाली, माझ्यासाठी एवढं खोटं बोललात, आता एकदा जाऊन तर येऊ द्या. मग मीच पायांखाली स्टूल सरकवलं, कामावर खाडा केला. तासातासाला उठवून दारापर्यंत चालवत होतो. मधे तिला डुलक्या लागल्या, मला नाही.

काल दुपारी साडेतीनला ती उठली. दार उघडून जिन्यात बघितलं आणि हसून म्हणाली, श्रद्धा न्यायला आली नाही वाटतं. मग स्वतःच म्हणाली, नववा लागलाय, तिला कशाला धावपळ. आणि डबा माझ्या हातात देऊन आत जाऊन झोपली.

पाय ठीक आहेत. हे वाचून फोन करशील तेव्हा आधी तिला विचार, प्रवास कसा झाला.

माया आहेच, ती अशीच असू दे.
दादा