पिंडाभोवतीचं रिंगण

१२ नोव्हें., डबो
घरून, स्कोफिल्ड्सहून, सकाळी निघालो. गाडी नितीन चालवतोय. माझ्या धाकट्या भावाचा, सुधाकरचा, युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र, वॉलॉंगॉंगला राहतो. आठ महिन्यांपूर्वी सुधाकरची गाडी बर्क गावाच्या पुढे, ओसाड भागात रस्त्याकडेला सापडली. किल्ली आत, तो नाही. शोध थांबला. शास्त्र म्हणतं बारा वर्षं वाट बघा. पण त्याची बायको मेधा गुंगालिनच्या घरून फोनवर म्हणाली, "दादा, एकदाचं त्याचं क्रियाकर्म करून टाका. रोज दाराकडे बघणं झेपत नाही मला."
तांदूळ, तीळ, दर्भ घेतलेत.

१३, बर्क
मोटेलच्या भिंतीवर एका तरुण इंग्रज प्रवाशाच्या जुन्या डायरीचं पान, चौकटीत. नितीनने वाचून दाखवलं: पाणी संपलं, पक्षी मागोमाग येतात, जवळ येत नाहीत. पुढे कोरं. परतला का, विचारलं. मालकिणीला ठाऊक नाही.

१४
गाडी सापडली ती जागा. लाल माती, सपाट. वारा नाही. पिंड मांडले. कावळे आले, पंचवीस-तीस. इथल्या कावळ्यांची हाक शेवटी लांबत जाते, रडून थकलेल्या मुलासारखी. एकही शिवेना. मोठ्याने म्हणालो, मेधाला अंतर देणार नाही. आईला मीच सांगेन. तरी नाही.
"दादा, हे इथले सिटिझन," नितीन म्हणाला, "मराठी कुठलं कळायला?" त्याने सँडविचचा तुकडा टाकला. क्षणात फस्त. पिंडाकडे मात्र कोणी वळेना.
मग म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिववा, सगळे करतात. दर्भ हातात घेतला. गाठ मारवेना. सुधाकर जिवंत असला तर

१५
सकाळी पुन्हा गेलो. पिंड तसेच, ओलेसुद्धा. भोवती कावळ्यांच्या पावलांचं गोल रिंगण. आत एकही पाऊल नाही. काल मी तिथेच गुडघे टेकले होते. त्यांचीही खूण नाही. नितीन गाडीत जाऊन बसला, काचा वर करून. मी नाम घेत उभा राहिलो. किती वेळ, कळलं नाही.

१६, परतीच्या वाटेवर
नितीनचं म्हणणं, मेधाला कावळा शिवला म्हणून सांगा, सुटेल बिचारी. मी फोनवर खरं तेच सांगितलं. मेधा म्हणाली, "त्याचे कपडे बांधून ठेवलेत, दादा. उद्या जुने कपडे गोळा करणारे न्यायला येतील. देऊ की नको?"
विचारून सांगतो, म्हणालो.
कोणाला विचारू?