कंबर आधी, हात मागून

कोल्हापूर,
ता. ९ फेब्रुवारी १९११

मोठे भाऊ मीरासाब यांस मलकापूर मुक्कामी लालासाबचा सलाम. इकडं आम्ही खुशाल आहोत. तुमच्या भावजयीचा, लालबीचा, खोकला गेला. नजीराभाभींना सलाम, पोरांना दुवा. नऊ वर्षांनी माझं पत्र बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडतील, त्या पडू देत. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. अक्षर माझंच आहे, म्हणून वाकडं आहे.

लाकूड कातायचं खरादाचं दुकान बरं चाललंय. पलंगाचे खूर, पाळण्याचे खांब, आणि दोन वर्षं झाली, कॅम्पातल्या साहेब लोकांच्या गोल्फच्या काठ्या. हा खेळ तुम्ही बघितला नसेल. बघूही नका. माळावर लिंबाएवढा चेंडू ठेवायचा, लांब काठीनं तो हाणायचा, आणि मग मिशा पिकलेल्या बाप्यांनी त्याच्यामागं मैलभर चालत जाऊन तो एका भोकात घालायचा. घातला की टोप्या उडवतात. आपल्याकडं असलं कुणी केलं तर त्याला अंगारा लावतील.

त्यातला सगळ्यात मोठा नग म्हणजे फेल्टन साहेब. रस्ते आणि पूल बांधणारा. अंग रेड्याचं, अक्कलही त्याचीच. काठी डोक्यामागं नेतो तोवर ठीक. खाली आणताना मात्र नुसते हात झोडतो, शेंगा बडवाव्यात तसे. कंबर जागची हलत नाही. चेंडू वीस पावलं जातो आणि माती चाळीस. महिन्याभरात तीन काठ्या जमिनीवर आपटून मोडल्या आणि चौथ्यांदा मला माळावरच बोलावून घेतलं.

त्याचा कारकून गणपतराव म्हणाला, "लालासाब, साहेब म्हणत्यात तुझं लाकूड कच्चं हाय. आता सगळ्यांचंच काम मुंबैला धाडणार."

दोन वर्षांत माझी एक काठी आपणहून मोडली नव्हती. मी म्हणालो, "लाकूड पक्कं हाय. साहेबाची कंबर कच्ची हाय. सांगा की त्यांस्नी!"

गणपतराव सांगतोय कशाला! साहेबाकडं बघून नुसता दात काढत राहिला. मग मीच साहेबाच्या हातातली काठी घेतली. पाय रोवले. काठी वर नेली आणि खाली येताना हातांना घाई करू दिली नाही. आधी डाव्या पायावर भार टाकला, कंबर वळवली, आणि हात तिच्यामागून ओढले जात आले. तालमीत मुद्गलांची जोडी फिरवताना येतात तसे. चेंडू चिंचेच्या शेंड्यावरून पार ओढ्यात गेला. साहेबानं गणपतरावाकरवी सांगितलं, मलाही हे शिकव.

दुसऱ्या दिवसापासून आठ सकाळी मी त्याला शिकवलं. माझा पटका सोडून त्याची दोन्ही कोपरं बरगड्यांना बांधली, म्हणजे कंबर फिरल्याशिवाय काठी हलायचीच नाही. बाकीचे साहेब हसले. मी ओरडायचो, "हात गप ठेव की! कंबर आधी, हात मागून!" आणि गणपतराव ते गोड करून सांगायचा. "हातानं उचलतो तो हमाल, कमरेनं फिरवतो तो पैलवान," हेही मी ऐकवलं. हे बोल कुणाचे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आठव्या दिवशी त्या रेड्याची कंबर एकदाची सुटली. चेंडू उंच गेला आणि साहेब पोरासारखा नाचला. मग त्यानं विचारलं, तुझा उस्ताद कोण?

मी म्हणालो, "कोन न्हाय. माझं मीच शिकलो."

त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या सकाळी माळावर जाऊन मी गणपतरावाला म्हणालो, "साहेबाला सांगा, काल मी खोटं बोललो. हे मला माझ्या भावानं शिकवलं. तो मलकापुरात एक पाय ओढत चालतोय, आन् ते माझ्यामुळं."

"हे कशाला उकरतोस?" गणपतराव म्हणाला. "साहेब खूश हाय, काम तुझं टिकलंय. गप बस की." आणि साहेबाकडं वळून त्यानं दोन शब्दांत काहीतरी उरकलं. साहेब हसला आणि त्यानं माझ्या पाठीवर तीन थापा मारल्या.

भाई, आता तुम्ही-बिम्ही राहू दे.

नऊ वर्षांमागं त्या सकाळी तालमीत तूही माझ्या पाठीवर तीन थापा मारल्या होत्यास. थापा मारल्या की पकड सोडायची, हे तूच मला शिकवलं होतंस. आदल्या दिवशी दरबारच्या तालमीसाठी वस्तादानं तुझं नाव घेतलं होतं, माझं नाही. तुझ्या थापा मला कळल्या. पहिलीच कळली. तरी मी पेच सोडला नाही, उलट सगळं अंग घालून पिळला. तुझ्या कमरेचं हाड वाजलं तेव्हा सोडला. लोक म्हणाले, पाय घसरला. मीही म्हणालो, पाय घसरला. आणि तू मातीत पडल्या पडल्या माझ्याकडं बघितलंस आणि कुणाला काहीच बोलला नाहीस.

त्या गप्प राहण्याचा मी नऊ वर्षं राग केला. मीरासाब म्हणजे मेंगळट, दम असता तर चारचौघांत बोलला असता, असं मी लालबीला सांगत आलो. साहेबाला रेडा म्हणालो, गणपतरावाला मनात लाचार म्हणालो. बघितलं तर त्या माळावर सगळ्यात हलका माणूस मीच होतो.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. येत्या रविवारी मलकापूरला येतोय. आपल्या तालमीतल्या जुन्या माणसांना बोलावून ठेव. त्यांच्यासमोर हे सगळं माझ्या तोंडानं सांगीन. मग तू घरात घे नाहीतर दारातून परत पाठव.

पाय घसरला नव्हता.

तुझी कंबर जाणूनबुजून मोडणारा,
लालासाब