अत्तर प्यायलेली पेटी

रत्नागिरी, शनिवार, मे २००३

आज हसू आवरत नाही. लिहूनच टाकतो, नाहीतर बायको विचारेल, एकटेच काय हसताय?

दुपारी राजिवड्यात लग्नाच्या कव्वालीला पेटी वाजवली. बिर्याणीचा घमघमाट सुटला होता, तरी जेवलो नाही. कारण संध्याकाळी देवळात बुवांचं भजन होतं, आणि मासे खाऊन आलेल्या पखवाजवाल्याला बुवांनी एकदा भरल्या देवळातून घरी पाठवलंय! निघताना नवरीच्या चाचांनी माझ्या मनगटाला अत्तर लावलं. म्हणाले, "मास्तर, पेटीनं पण घाम गाळलाय, तिला नको?" आणि बाटली कलंडली ती थेट भात्यावर.

पुण्याचे मित्र विचारतात, तिकडे रत्नागिरीत तू वाजवतोस तरी कुणासाठी? आज यायला हवे होते.

देवळात पहिला सूर धरला आणि अत्तर दरवळलं. भाता मारला की अत्तर, थांबलो की उदबत्ती. मग काय, चोरून चोरून मारायला लागलो. सूर अगदी मरतुकडा. बुवांनी गाणंच थांबवलं. मेलो, म्हटलं.

"दुपारी कुठं होतास रे?"

"राजिवड्यात. लग्नाला."

"जेवलास?"

"नाही बुवा. तुमचं भजन होतं ना."

"वेडा आहेस. लग्नघरातून कुणी उपाशी उठतं काय?"

मग डोळे मिटून त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला.

"हां. आता भाता जोरात मार."