भिंतीआडचं डावं वळण

रविवार, १९ ऑक्टोबर

काल सकाळी नेहमीसारखा साडेपाचला उठलो. तोंड धुतलं, खिडकीपाशी उभं राहून देवाचं नाव घेतलं, पेन्सिलीला टोक केलं, वही खिशात टाकली आणि रस्ता तपासायला निघालो. इथपर्यंत लपवण्यासारखं काही नाही. पुढचं लिहायला हात धजत नाही — पण इथे नाही तर कुठे लिहू?

डांबरी रस्त्यावरच्या मोटार शर्यतीत माझं काम एवढंच. गाड्या सुटायच्या दोन तास आधी आमची साधी गाडी त्याच बंद रस्त्यावरून जाते. कुठे ओल आहे, कुठे कडेची माती डांबरावर आली आहे, ते मी टिपतो. रस्ता संपला की भाचीला फोनवर वाचून दाखवतो. ती आपल्या वहीत लाल पेन्सिलीने चढवते, आणि शर्यतीत ड्रायव्हरशेजारी बसून त्याला ओरडून सांगते. तिने वाचायचं, त्याने पाय दाबायचा. पुढचं वळण त्याला दिसत नसतं. तिचा आवाज हेच त्याचं वळण.

अकरा वर्षं तो आवाज माझा होता.

नवव्या किलोमीटरला दगडी भिंतीआड डावं वळण आहे. आमच्या भाषेत 'डावं पाच' — म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता घ्यायचं. झाडाखाली डांबरावर पाण्याचा पातळ पदर होता. आमची गाडी चालवणारा दाढीवाला म्हणाला, "ओलं आहे रे. लिहिलंस?"

"लिहिलं."

खरंच लिहिलं होतं. मग रस्ता संपल्यावर दाढीवाला खाली उतरून कंबर मोकळी करत होता, तेवढ्यात मी ते रबराने पुसलं. फोनवर वाचलं नाही.

गाडी तिथेच गेली. भिंतीवर. तिच्या बाजूने.

तिच्या खुब्याचं हाड दोन जागी मोडलं. ड्रायव्हरला कपाळावर खरचटलं आहे!

सोमवार, २० ऑक्टोबर

का पुसलं?

शुक्रवारी संध्याकाळी तंबूत सगळे जेवत होते. ड्रायव्हर — त्याला मेकॅनिक 'हिरो' म्हणतात, आणि त्याला ते आवडतं — माझी वही हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागला. "ओलं. ओलं. जरासं ओलं. मास्तर, हा रस्ता आहे की तान्ह्या बाळाचं दुपटं?" सगळे खो खो हसले. त्याचं मला काही नाही. मला चष्मा लागला तेव्हाही तो असाच म्हणाला होता, "मास्तर, तुम्ही काच पुसेपर्यंत वळण मागे पडतं." आणि माझ्या जागेवर माझ्याच भाचीला बसवलं.

पण शुक्रवारी तीही हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

तिला हे सगळं कोणी शिकवलं? ताईच्या स्वयंपाकघरात, टेबलावर. मी थाळी धरून ड्रायव्हर व्हायचो, ती वाचायची. एक शब्द उशिरा आला की मी थाळी उलटी करायचो — "मेलो आपण!" ती चौदा वर्षांची होती. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, चूक झाली तर रेघ मारून खोडायचं, पुसायचं कधीच नाही. खोडलेलं दिसतं, म्हणून त्यावर विचार होतो. हे मला गावच्या शाळेत गुरुजींनी छडी मारून शिकवलं होतं.

शनिवारी रबर हातात होतं तेव्हा मनात एवढंच होतं — घसरू दे जरा, फाटू दे त्याची, मग कळेल मास्तरचं रडगाणं कशाला असतं. गाडीत ती आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. तीही घाबरावी असं वाटलं होतं. हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

देवासमोर उभा राहिलो. ओठ हलले, एवढंच.

बुधवार, २२ ऑक्टोबर

हिरोने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, "आमची तपासणी चोख होती. तिने वाचलंच नाही. काय करणार, नवीन आहे." नवीन! दोन वर्षं झाली.

दुपारी चौकशी झाली. तीन माणसं, एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. तिच्या वहीत त्या वळणाला लाल खूण नाही. गाडीतल्या रेकॉर्डिंगमध्येही ती नुसतं "डावं पाच" म्हणाली आहे. दाढीवाल्याने छातीठोक सांगितलं, "मास्तरने लिहिलं, मी या डोळ्यांनी पाहिलं." बिचारा खोटं बोलला नाही.

मग मला विचारलं, "फोनवर सगळं वाचलंत?"

"वाचलं."

"हो, तुमच्याकडून ओल सुटायची नाही, सगळ्यांना ठाऊक आहे." वहीसुद्धा मागितली नाही! आयुष्यभर चोख राहिलो त्याचं हे फळ — चोरालाच साव म्हणतात.

तिचं म्हणणं इस्पितळातूनच घेऊन आले होते. एकच ओळ. 'माझ्याकडून लिहायचं राहिलं असेल.' तिचा शर्यतीचा परवाना जप्त केला. निकाल सोमवारी. कायमचा जाईल म्हणतात.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

इस्पितळात गेलो. ताई पलंगाशेजारी बसून सफरचंद सोलत होती. खाणार कोणी नाही, तरी सोलत होती. मला बाहेर घेऊन आली.

"तू तेव्हाच म्हणाला होतास, हिला या गाडीत बसू देऊ नकोस. मीच ऐकलं नाही. तुझा जीव तुटत होता रे तिच्यासाठी."

जीव तुटत होता! पोटात दुखत होतं, ताई. माझी जागा गेली म्हणून.

तिने सफरचंदाची फोड हातात दिली. खाल्ली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज भाचीला सांगितलं. ताई औषधं आणायला गेली होती. मी वही काढली, ते पान उघडून तिच्या पांघरुणावर ठेवलं. पुसलेल्या जागी कागद झिजला आहे, उजेडात धरला तर 'ओलं' अजून वाचता येतं.

तिने पाहिलंच नाही. छताकडे बघत म्हणाली, "मला माहीत आहे, मामा."

"काय माहीत आहे?"

"तू फोनवर कधी अडखळत नाहीस. नवव्या किलोमीटरला थांबलास. चांगला दोन श्वास थांबलास. मग म्हणालास, 'डावं पाच.' मला वाटलं विचारावं, काही आहे का तिथे?"

"मग विचारलं का नाहीस?"

"आदल्या रात्री मी हसले होते ना. म्हटलं, आता विचारलं तर तुला वाटेल, ही पण तपासायला लागली मला."

मला बसवेना. उभंही राहवेना.

"सोमवारी जाऊन सांगणार आहे मी," म्हणालो.

"कशाला? मी आता पुन्हा त्या गाडीत बसते का नाही, देव जाणे. तुझं तरी राहू दे. आणि मामा — विचारलं नाही, ही माझी चूकच आहे. ते लोक ऐकतील तर त्यांनाही हेच म्हणेन."

मी नुसता तिच्या पायावरचं पांघरूण सरळ करत राहिलो. सरळच होतं ते.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी नाव घेतलं. आज ओठांच्या मागे मीही होतो. काही मागितलं नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

दहाला गेलो. वही लांब टेबलावर ठेवली. पुसलेल्या जागेवर बोट ठेवून सगळं सांगितलं, रबरासकट. दाढीवाला भिंतीशी उभा होता, खाली बघत बाहेर निघून गेला.

मधल्या माणसाने विचारलं, "तिला काही शंका आली होती का? फोनवर?"

"नाही."

"नक्की?"

"मी अडखळलोच नाही."

देवा, एवढं एक खोटं माझ्या नावावर लिही. आणि लिहिलंस तर पुसू नकोस.

माझा परवाना टेबलावर ठेवला. तिचा घेऊन आलो.