लाल दोऱ्यातली सीडी

मी, नवसाबाई सहादू पगारे, वय एकाहत्तर, राहणार सिडको, नाशिक, शिक्षण चौथीपर्यंत, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे आणि कुणी दटावून हे लिहवून घेत नाही. आधी वहीच्या मागच्या पानावर जे लिहिलं होतं ते रद्द. हेच खरं धरावं.

१. घर माझ्या नावावर आहे. पुढची खोली व स्वयंपाकघर मुलगा दत्तू याला. मागची खोली त्याची मुलगी स्नेहल हिला, लग्न झालं तरी. नातवंडं कॉम्प्युटरवर पोट भरतात याचा मला फार आनंद आहे, मी कॉलनीभर सांगत फिरते.

२. पापडाची लाटणी, पोलपाट व फळीवरच्या बाटल्या सून आशा हिला. बाटल्या कचरा समजून टाकू नयेत. चौऱ्याण्णव साली मी दुकानदाराला नुसतं "नेहमीचा पापडखार दे" म्हटलं. त्याने माल बदलला होता, बोलला नाही. लग्नाच्या ऑर्डरचे सगळे पापड तळताना लाल पडले. तेव्हापासून दरवर्षीच्या खाराची चिमूट बाटलीत ठेवते, वर दुकानाचं नाव व महिना. "नेहमीचा" हा शब्द मी सोडला.

३. आमच्या मालकांचं मनगटी घड्याळ नातू लखन, स्नेहलचा धाकटा भाऊ, याला, पण पुढचं कलम त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्यावरच.

४. दोन वर्षांपूर्वी स्नेहल व लखन दोघं अंबडच्या एकाच ऑफिसात होती. खोक्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या छापायचा प्रोग्राम स्नेहलचा. तिने मला समजावलं होतं की प्रोग्राम सगळा आपण लिहीत नाही, दुसऱ्यांचे आयते तुकडे इंटरनेटवरून येतात. कोणता तुकडा, कितव्या नंबरचा, ते यादीत लिहायचं. मी म्हटलं, म्हणजे माझ्या बाटल्याच की. ती हसली होती.

लखनने यादीतले नंबर खोडून "जो ताजा असेल तो" असं लिहिलं. नवा कॉम्प्युटर आला, त्यावर प्रोग्राम पुन्हा बांधला, एक तुकडा नवाच उतरला आणि वजनं चुकीची छापली गेली. साहेबासमोर लखन म्हणाला, "ताईनेच काहीतरी बदललं असेल." स्नेहल म्हणाली, जुने तुकडे आणि जुनी यादी सीडीवर घरी आहेत, उद्या आणून दाखवते.

ती सीडी मी कपाटातून घेतली होती. गच्चीत पापड वाळत होते, कबुतरं उतरत होती. चकाकती वस्तू टांगली की येत नाहीत. लाल दोरा ओवून आठ दिवस उन्हात टांगली. उन्हाने सीडीवरचं पुसलं जातं, हे मला मागाहून कळलं. स्नेहलने घरभर शोधलं, मला विचारलं. मी घाबरून म्हटलं, "मला काय ठाऊक." दुसऱ्या दिवशी तिने नोकरी सोडली, पुण्याला गेली. भावाशी अजून बोलत नाही. सीडी मी काढून ट्रंकेत ठेवली आहे. ती स्नेहलला द्यावी. चूक लखनची, पण पुरावा मी उन्हात जाळला.

इथवर लिहून शेजारच्या सिंधुबाईंकडे सहीला नेलं. त्यांनी वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "नवसाबाई, मेल्यावर कशाला सांगता? आधी फोन लावा, मग सही."

त्यांच्याच घरून स्नेहलला लावला. म्हटलं, बाळा, तुझी सीडी मीच गच्चीत टांगली होती. पोर म्हणाली, "लाल दोरा तसाच आहे ना, आजी?"

दोऱ्याचं मी बोलले नव्हते. म्हणजे तिने तेव्हाच पाहिली होती, आणि माझं नाव घेतलं नाही.

कलम चार खोडत नाही. रविवारी ती येते आहे, तेव्हा लखनने वाचावं. घड्याळ त्याला तेव्हाच देईन.

साक्षीदार: सिंधुबाई रंगनाथ जाधव (सही)
मल्हारी दगडू गांगुर्डे (सही)

नवसाबाई सहादू पगारे (सही, स्वतःच्या हाताने)
सिडको, नाशिक. १७ फेब्रुवारी २००९