सुकडीच्या बदल्यात फोटो

आई, तुला जाऊन आता तीस वर्षं होतील, आणि तुला एक विचारायचं राहूनच गेलंय. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, केंदूरच्या माळावर, तू बरोबर वागलीस ते पहिल्या दिवशी की दुसऱ्या?

पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललंय. तू खडी फोडतेस आणि दुपारी आम्हा पोरांना ओंजळभर सुकडी मिळते. परदेशातून मदत म्हणून आलेलं पीठ, गूळ घालून भाजलेलं. त्या दिवशी शिरूरहून जीप आली. मदत पाठवणाऱ्या देशातली एक गोरी बाई, तिचा कॅमेरेवाला आणि आपल्याकडचे एक साहेब. बाईनं रांगेतून मलाच निवडलं. का, ते आज कळतं. माझ्या बरगड्या दिसत होत्या, केस पिंजारलेले होते. साहेब म्हणाले, "हात पुढं कर, पोरी. वर बघ." मी केले. तेवढ्यात हातोडा टाकून तू आलीस आणि दंडाला धरून मला मागं ओढलंस.

"न्हाई काढायचा फोटू. माजी पोर भिकारीण न्हाई."

"अहो बाई, हे धान्य कुठून आलंय, ठाऊक आहे का?"

"ठावं हाय. आन् ही खडी कुणी फोडली, ते त्यास्नी सांगा."

साहेबांनी ते त्या बाईला सांगितलं नाही. तिकडच्या लोकांना फोटो दिसले नाहीत तर माल यायचा थांबेल, उद्या परत येतो, एवढंच तुला बजावून ते गेले.

संध्याकाळी पाटलीण आपल्या दारात आली. त्या वर्षी तीही खडीवर होती, पण आपल्या वस्तीत तिनं पाय ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बाहेरूनच म्हणाली, "माजी बी दोन पोरं त्या सुकडीवरच हायती. एका फोटूनं तुजं काय जातंय?" तू तिला पाणी विचारलंस. ती नको म्हणून निघून गेली.

सकाळी होतं नव्हतं ते तेल तू माझ्या डोक्याला लावलंस, घट्ट वेण्या घातल्यास आणि स्वतःच नेऊन मला कॅमेऱ्यापुढं उभं केलंस. गोरी बाई साहेबांशी काही बोलली. साहेब चाचरत म्हणाले, "कालच्यासारखी पाहिजे." मग माझ्या वेण्या तूच सोडल्यास. फोटो झाला. सुकडी चालू राहिली. त्या फोटोमुळं की नाहीतरी राहिलीच असती, कुणास ठाऊक.

मी शिकले आणि मदत पोचवणाऱ्याच एका मोठ्या कचेरीत नोकरीला लागले. आता आमच्यात नियम आहे, परवानगीशिवाय फोटो नाही. गेल्या वर्षी दूरच्या एका देशात, निर्वासितांच्या छावणीत, एका आईपुढं मी संमतीचा कागद धरला. दुभाषी वाचून दाखवत होता, तर तिनं अर्ध्यातच अंगठा उठवला. मी म्हटलं, "नाही म्हणालात तरी धान्य मिळेल." मी खोटं बोलतेय अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि खरंच, मी खोटं बोलत होते का, ते मलाच कळेना. त्या दिवशी तिला मिळालंच असतं; पण सगळ्याच जणी नाही म्हणाल्या तर पुढच्या वर्षी काय, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? कचेरीच्या बैठकीत मी हे विचारलं. देशोदेशीचे लोक पुष्कळ चांगलं बोलले. प्रत्येकाचं पटत गेलं, आणि शेवटी काहीच पटेना.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तू असतीस तरी टाकलं नसतं. कारण तुला कधीच न सांगितलेलं एक आहे. पहिल्या दिवशी तू मला मागं ओढलंस, तेव्हा मला तुझा राग आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी रांगेतून मला निवडलं होतं, आणि तो फोटो मला हवा होता.